उशिरा पोचलेलं कडवं

जत्रेचा दिवस आहे. एक मुलगी आपल्या प्रियकराला सांगते, माझ्या आईची काही हरकत नाही, आणि तुझ्याकडे गुरंढोरं नाहीत म्हणून माझा बापही तुला कमी लेखणार नाही. मग म्हणते, आता फार दिवस नाहीत, आपलं लग्न होईल. एवढं बोलून ती त्याच्यापासून बाजूला होते आणि जत्रेतून चालू लागते. तो बघत राहतो. ती इकडे वळली, तिकडे वळली, आणि आभाळात एकच चांदणी जागी असताना, तळ्यावरून संध्याकाळी हंस सरकावा तशी घराकडे गेली. शेवटच्या कडव्यात रात्र आहे. ती त्याच्याकडे येते. इतक्या हळू येते की पावलांचा आवाजसुद्धा होत नाही. आणि पुन्हा तेच म्हणते: आता फार दिवस नाहीत, आपलं लग्न होईल.

‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’ हे आयरिश गाणं एवढंच आहे. तीन कडवी. जत्रेतली संध्याकाळ आणि ती रात्र यांच्या मधे काय घडलं ते गाणं सांगत नाही. पण ऐकणाऱ्याला कळतं. आवाज न करता आलेली ही मुलगी जिवंत नाही, हे कोणीही न सांगता मणक्यातून वर चढत जातं. अनेक वर्षं मी हे गाणं वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकत आलो आहे, आणि या न सांगितलेल्या जागेपाशी दर वेळी थांबतो. ती जागा तशीच मोकळी कशी राहिली, याची गोष्ट मला गाण्याइतकीच ओढ लावते.

आधी त्या गुरांबद्दल. आपल्याकडच्या वाचकाला ती ओळ समजावून सांगावी लागू नये. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, तिथे देवदर्शन, खरेदी-विक्री आणि सोयरिकीच्या गोष्टी एकाच धुळीत चालतात. आयर्लंडच्या उत्तर-पश्चिमेला असलेल्या डोनेगॉल परगण्यातल्या जत्राही अशाच व्यवहाराच्या होत्या. तिथे गुरं विकली जात, आणि काही जत्रांत तर माणसंही सहा-सहा महिन्यांच्या चाकरीसाठी उभी राहत; गरीब घरातली पोरं मे आणि नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्यांकडे मजुरीला बांधली जात. 1845 ते 1852 च्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्यानंतरच्या आयर्लंडमध्ये जमिनीची धास्ती इतकी वाढली की एकाच मुलाला शेत द्यायचं, मुलीचं लग्न मध्यस्थामार्फत, हुंडा आणि गुरांची मोजदाद करूनच ठरवायचं, असा रिवाज घट्ट झाला. कित्येकांची लग्नं फार उशिरा झाली, कित्येकांची झालीच नाहीत. अशा मुलखात एखादी मुलगी ‘तुझ्याकडे गुरं नाहीत तरी चालेल’ असं म्हणते, तेव्हा ती केवढं मोठं वचन देत असते. गाण्यातलं पहिलं कडवं ऐकायला साधं आहे, पण ते सुखाच्या शिखरावर उभं आहे. पुढचं दुःख इतकं खोल जातं ते त्यामुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेलफास्टचा एक तरुण संगीतकार, हर्बर्ट ह्यूज, डोनेगॉलमध्ये फिरून चाली टिपून घेत होता. त्याचा जन्म 1882 चा. 1904 मध्ये लंडनला आयरिश लोकगीतांची संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. ही चाल त्याला डोनेगॉलमध्येच मिळाली. चालीसोबत जुन्या गाण्याचे तुकडे होते, ते त्याने आपल्याच वयाच्या एका कवीकडे दिले. हा कवी पॅड्रिक कोलम. 1881 मध्ये लाँगफर्डच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमात जन्मलेला. त्याचे वडील तिथे नोकरीला होते. गरिबीच्या इतक्या जवळ वाढलेल्या माणसाला ‘गुरं नाहीत म्हणून’ ही ओळ काय आहे हे कोणी शिकवायला नको. कोलमने जुन्या गाण्यातलं शेवटचं कडवं ठेवलं आणि त्याच्या आधीची कडवी स्वतः रचली. 1909 मध्ये ह्यूजच्या ‘आयरिश कंट्री साँग्ज’च्या पहिल्या खंडात, पियानोच्या साथीसह, गाणं छापलं गेलं.

त्याच खंडात आयरिश कवी यीट्सचं ‘डाउन बाय द सॅली गार्डन्स’ही आहे. स्लायगोकडच्या एका म्हाताऱ्या बाईला अर्धवट आठवणाऱ्या तीन ओळींवरून यीट्सने ते लिहिलं, आणि ह्यूजने त्याला एक जुनी चाल लावली. आज जगभर ते ‘पारंपरिक आयरिश’ म्हणून गायलं जातं. म्हणजे दिवाणखान्यातल्या पियानोवर ठेवायच्या एका पुस्तकात शेतातली चाल, म्हातारीच्या ओळी आणि शहरातल्या कवींची लेखणी असं सगळं एकमेकांत मिसळलं होतं. आपल्याला याचं नवल वाटायला नको. ‘मी डोलकर’ हे गाणं शांता शेळक्यांनी लिहिलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली, हे ठाऊक नसलेली कितीतरी माणसं ते कोळीवाड्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं समजतात. माझ्या मते कवीला याहून मोठी दाद मिळू शकत नाही. पण दाद मिळताना नाव पुसलं जातं, आणि त्याचं दुःखही खरं असतं.

आता त्या कडव्याची गोष्ट. गाणं पाठवून झाल्यावर कोलमच्या लक्षात आलं की ती मुलगी लग्नाआधीच मेली हे आपण कुठेच सांगितलेलं नाही. त्याला ते उणं वाटलं. म्हणून त्याने आणखी एक कडवं लिहिलं. लोक म्हणत होते, लग्न होणाऱ्या कोणत्याही दोघांत एकाच्या मनात तरी एक न बोललेलं दुःख असतंच, अशा अर्थाने ते सुरू होतं. ते त्याने ह्यूजकडे धाडलं. पण पुस्तकाचं काम पुढे गेलं होतं. कडवं उशिरा पोचलं. 1909 च्या खंडात ते नाही. नंतरच्या संग्रहांत ते बाकीच्या तीन कडव्यांसोबत छापलं गेलं, आणि तेव्हापासून काही गायक ते घेतात, काही गाळतात.

मी गाळणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ते कडवं वाईट आहे असं मुळीच नाही. ‘न बोललेलं दुःख’ ही कल्पना सुंदर आहे, आणि कोलमसारख्या कवीने आपल्या गाण्याबद्दल बाळगलेली काळजी समजण्यासारखी आहे. पण ते कडवं आलं की गाव मधे येतं, लोकांचं बोलणं मधे येतं. तीन कडव्यांच्या गाण्यात दोघांशिवाय कोणीच नाही. आईबापसुद्धा तिच्याच तोंडून येतात. जत्रा भरलेली आहे, आणि त्या गर्दीत त्याला एकटी तीच दिसते. त्या एकटेपणातून सरळ रात्रीत जायचं असतं. लोकांच्या बोलण्याने पुढच्या वाईटाची चाहूल लागते, आणि चाहूल लागली की ती दारात येते तेव्हा आपण सावध झालेले असतो. टपालाच्या उशिराने गाण्याचं भलं केलं असं मला मनापासून वाटतं.

काही गायक तर शेवटच्या कडव्यात ‘माझी मेलेली प्रिया आत आली’ असंच सरळ म्हणतात. ज्या रेकॉर्डिंगमध्ये हे येतं तिथे कितीही चांगला गळा असो, माझ्यापुरतं गाणं तिथे लहान होतं. भुताची गोष्ट उरते, प्रेमाचं गाणं मागे पडतं.

चालीबद्दल बोललं पाहिजे, कारण शब्दांनी जे सोडून दिलं ते चालीने धरून ठेवलं आहे. पाश्चात्य संगीतात या स्वररचनेला मिक्सोलिडियन म्हणतात. आपल्या कानाला ती थेट कळते: सगळे स्वर शुद्ध, फक्त निषाद कोमल. खमाज थाटाचे स्वर. पण खमाजातल्या ठुमरीची लाडीगोडी इथे शोधू नये. तो कोमल निषाद इथे रुसत नाही, आर्जव करत नाही. तो नुसता उभा राहतो, आणि शुद्ध निषादाने षड्जाकडे नेण्याची जी ओढ लावली असती ती लागत नाही. चाल घरी परतते खरी, पण पोचल्याचं समाधान देत नाही. जाणकार गायक ही चाल तालात बांधत नाहीत. श्वासाप्रमाणे ओळ लांबते, आखडते. आलापाची सवय असलेल्या माणसाला हे गाणं परकं वाटत नाही, ते यामुळे असावं.

1941 मध्ये जॉन मॅकॉर्मकने हे गाणं रेकॉर्ड केलं. अ‍ॅथलोनच्या एका कामगाराचा हा मुलगा त्या काळातला जगप्रसिद्ध टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक होता. पोपने त्याला काउंटची पदवी दिली होती. 1938 मध्ये निरोपाच्या मैफली करून तो थांबला होता, पण महायुद्ध सुरू झाल्यावर रेड क्रॉससाठी पुन्हा उभा राहिला. त्या शेवटच्या वर्षांत आवाजाची जुनी झळाळी ओसरली होती, पण शब्द उच्चारण्याची त्याची तऱ्हा तशीच होती. प्रत्येक अक्षर ऐकू येतं, आणि एकही अक्षर ओरडून सांगितलेलं नसतं. पियानोची साथ, मैफलीची शिस्त. लोकगीत म्हणून आपण जे कल्पितो त्यापासून हे फार दूर आहे.

आणि ही तबकडी कोणी ऐकावी? मार्गारेट बॅरीने.

मार्गारेट 1917 ची, कॉर्कची. फिरस्त्या लोकांतली, रस्त्यावर गाणाऱ्यांच्या घरातली. तिचे आजोबा बॉब थॉम्पसन इलियन पाइप्स हे आयरिश वाद्य वाजवायचे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी डब्लिनच्या संगीत महोत्सवात स्पर्धा जिंकली होती. मार्गारेट स्वतःच बँजो शिकली, कोवळ्या वयात घराबाहेर पडली आणि सायकलवरून गावोगाव फिरत जत्रांत, बाजारांत, फुटबॉलच्या सामन्यांना जमलेल्या गर्दीत गाऊ लागली. तिथे माइक नव्हता. गर्दीवरून आवाज फेकायचा, तरच टोपीत नाणं पडायचं. 1951 मध्ये अमेरिकन संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने तिला रेकॉर्ड केलं. पुढे ती लंडनला आली आणि कॅम्डन टाउनमधल्या ‘बेडफर्ड आर्म्स’ या दारूच्या गुत्त्यात स्लायगोचा फिडलवादक मायकल गॉर्मन याच्यासोबत गात राहिली. समोर असायचे आयर्लंडहून मजुरीला आलेले पुरुष. इमारती, रस्ते, बोगदे बांधणारे. घर मागे राहिलेले.

हे गाणं तिच्या तोंडून ऐकून लोकसंगीताच्या अभ्यासकांना वाटलं, हे तर मातीतून थेट आलेलं. शब्द कुठून मिळाले असं विचारल्यावर ती सांगायची, मॅकॉर्मकच्या ग्रामोफोन रेकॉर्डवरून शिकले.

काही जण ही हकिकत सांगताना अभ्यासकांची फजिती झाली असा सूर लावतात. मला तसं वाटत नाही. उलट इथे मला गाण्याचा प्रवास लख्ख दिसतो. डोनेगॉलच्या कोणा गाणाऱ्याकडून ह्यूजच्या वहीत, वहीतून कोलमच्या टेबलावर, तिथून पियानोच्या पुस्तकात, पुस्तकातून काउंटच्या गळ्यात, तबकडीतून फिरस्त्या बाईच्या कानात, आणि तिच्याकडून पुन्हा खऱ्या जत्रेत. जत्रेचं गाणं तिने जत्रेत गायलं. मॅकॉर्मकची सगळी मैफली शिस्त तिने बाजूला ठेवली. तिचा आवाज धारदार आहे, स्वर गळ्याच्या मागच्या बाजूने येतो, बँजोची तार अधूनमधून नुसती षड्जाची आठवण करून देते. शब्दांवर ती इतकी रेंगाळते की एक ओळ संपायच्या आत आपण मागची ओळ आठवायला लागतो. हे गाणं तिने तबकडीवरून घेतलं हे खरं, आणि तिच्याइतकं ते कोणाचंच वाटत नाही हेही खरं. एखादं गाणं लोकांचं आहे की नाही हे ते कुठे जन्मलं यावरून ठरवायचं की ते कोणाच्या पोटापाण्याला लागलं यावरून? मार्गारेटने त्यावर भाकर मिळवली. मला एवढा पुरावा पुरतो.

अर्थात कोलमचाही हक्क होता, आणि तो सांगायची वेळ त्याच्यावर आली. साठच्या दशकापर्यंत हे गाणं ब्रिटनच्या लोकसंगीत क्लबांतून सर्रास ‘पारंपरिक’ म्हणून गायलं जात होतं. एप्रिल 1970 मध्ये ‘आयरिश टाइम्स’मध्ये त्याचं पत्र छापून आलं: शेवटचं कडवं सोडलं तर बाकीचे शब्द माझे आहेत. तेव्हा तो 88 वर्षांचा होता. त्याच पत्रव्यवहारात प्रोइन्सियस ओ कॉनलुआन या संग्राहकाने मात्र लिहिलं की एका म्हाताऱ्याकडून आपण जवळपास हेच शब्द रेकॉर्ड केले आहेत. तो म्हातारा म्हणाला होता की गाणं फार जुनं आहे आणि तरुणपणी ग्लेनेव्हीच्या एका टोपल्या विणणाऱ्याकडून तो ते शिकला. शिवाय अल्स्टर भागात ‘आपल्या लग्नाचा दिवस’ हा धागा असलेली भावंडं गाणी आहेतच. फर्मानाचा पॅडी टनी त्यांतलं एक गायचा. टोपलीवाल्याचं गाणं छापील पुस्तकातून फिरून त्याच्यापर्यंत पोचलं असू शकतं, जसं मार्गारेटपर्यंत पोचलं. मला कोलमवर अविश्वास दाखवावासा वाटत नाही. ‘एकच चांदणी जागी असताना’ ही ओळ मला तरी एका माणसाने एका बसकीत लिहिलेली वाटते.

पण या सगळ्या वादात एक नाव कोणी मागितलं नाही. ज्याच्या किंवा जिच्या तोंडून ह्यूजने ही चाल उचलली, ते नाव आज गाण्यासोबत फिरत नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर कोलम येतो, ह्यूज येतो, साथीदार येतात, किंवा नुसतं ‘पारंपरिक’ येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या ओव्या आज ऐकता येतात त्या ओवी गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह. ओवी तिने रचली की आईकडून घेतली हा प्रश्न तिथेही सुटत नाही. पण गाणारी दिसते. डोनेगॉलच्या त्या गाणाऱ्याला किंवा गाणारीला हे मिळालं नाही, आणि या गाण्याच्या इतिहासात मला सर्वांत जास्त सलतं ते हे.

मार्गारेटनंतर गाणं झपाट्याने हातोहात गेलं. इंग्लिश लोकगायिका अ‍ॅन ब्रिग्सने ते कोणत्याही साथीशिवाय गायलं. डेव्ही ग्रॅहॅम या गिटारवादकाने 1963 मध्ये ते शब्दांशिवाय, नुसत्या गिटारवर वाजवलं. त्याची आई गयानाची, वडील स्कॉटिश. मोरोक्कोत फिरून आल्यावर त्याने गिटारच्या तारा वेगळ्या लावायला सुरुवात केली होती. त्या सहा तारा म्हणजे षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम, पंचम, षड्ज. तानपुऱ्याच्या जवळचंच झालं हे. त्याने चालीखाली अखंड आधारस्वर धरला, वर मींडेसारखे ओघळ काढले आणि सतारीची आठवण यावी असं काही उभं केलं. तो हिंदुस्तानी संगीत ऐकत होता हे वादनातून कळतं, पण रागाचं नियमशुद्ध दर्शन तिथे शोधायला गेलं तर निराशा होईल. त्याने एवढंच ओळखलं की ही चाल स्वरमेळाच्या भाराखाली गुदमरते, तिला आधार हवा आहे तो एकाच स्वराचा. माझ्या कानाला ते पटतं. रॉक गिटारवादक जिमी पेजचं ‘व्हाइट समर’ हे वादन यातूनच निघालं.

जानेवारी 1969 मध्ये आलेल्या, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडच्या अल्बममध्ये सँडी डेनीने ते गायलं. ती तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची, आणि मार्गारेट बॅरीचं गाणं तिच्या कानात होतं. विजेची वाद्यं आहेत, पण ती भिंतीला टेकून उभी असल्यासारखी मागे राहतात. सँडी 1978 मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेली. हे माहीत झाल्यावर तिचं शेवटचं कडवं ऐकणं अवघड होतं. गायलं तेव्हा त्यात हे काही नव्हतं, तरी.

पुढे सिंपल माइंड्स या स्कॉटिश रॉक बँडने ही चाल घेऊन नवे शब्द लिहिले. 8 नोव्हेंबर 1987 रोजी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनला युद्धातल्या मृतांना मानवंदना द्यायला जमलेल्या लोकांमध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचा बॉम्ब फुटला, त्यात 11 माणसं गेली. त्या दुःखातून आलेलं ‘बेलफास्ट चाइल्ड’ 1989 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. हेतूबद्दल मला आदर आहे, पण ढोल वाढत गेले की चाल हरवते, म्हणून मी ते क्वचितच ऐकतो.

1996 च्या ‘मायकल कॉलिन्स’ चित्रपटात शिनेड ओ’कॉनरचा आवाज येतो तो वेगळ्या ताकदीने. आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता कॉलिन्स 22 ऑगस्ट 1922 रोजी मारला गेला, तेव्हा त्याचं किटी किअर्ननशी लग्न ठरलं होतं. पडद्यावर एकीकडे ती लग्नाचा पोशाख बघते आहे, दुसरीकडे तो मृत्यूच्या रस्त्यावर आहे, आणि मधे हे गाणं. इथे मरणारा तो आहे. ‘आता फार दिवस नाहीत’ हे वचन कोणी दिलं आणि कोणाचं मोडलं, हे गाण्याने मोकळं सोडलं होतं म्हणूनच ते असं उलटून वापरता आलं.

ज्यांना नव्याने ऐकायचं आहे त्यांनी मॅकॉर्मकपासून सुरुवात करावी आणि लगेच, मधे दुसरं काही न ऐकता, मार्गारेट बॅरी लावावी. दोघांचे शब्द ताडून बघायच्या फंदात पडू नये. त्याने जिथे ओळ संपवून शांतपणे श्वास घेतला, तिथे ती काय करते तेवढं ऐकावं. त्यानंतर डेव्ही ग्रॅहॅमचं गिटार. तोवर शब्द पाठ झालेले असतात, त्यामुळे तारांवरही ते ऐकू येतात. चौथ्या कडव्याची रेकॉर्डिंगं मात्र सर्वांत शेवटी ऐकावीत, आणि माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर बेलाशक कोलमच्या बाजूने जावं. त्याने ते कडवं फार विचार करून लिहिलं होतं.